चाळिसावर एक मूठ

॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

रोहा,
गुरुवार, दि. १२ जून २०२५

प्रिय जनू,

महिपतीचा रामराम. सगुणावहिनींना नमस्कार, प्रतिक्षाला आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. वैशाली बरी आहे. आई गागोद्यालाच असते. तिचे गुडघे धरलेत, पण जीभ अजून मोकळी आहे. माझं अक्षयच्या कारखान्यातलं काम चालू आहे. तुमच्याकडचं कळत नाही, म्हणून बरंच असेल असं धरून चालतो.

कागदावर पत्र लिहून मला किती वर्षं झाली कोण जाणे. पोस्टात आंतरदेशीय मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी धान्य मोजायची जुनी अधोली-पायली मागितली. फोनच केला असता, पण तू माझा नंबर बंद केलायस. वैशालीच्या फोनवरून केला, तोही बंद केलास. मग प्रतिक्षाला लावला. ती म्हणाली, "काका, बाबा घरान नाय, मिठागरावर गेलंन." तेवढ्यात मागून तुझाच आवाज आला, "सांग, उद्यापन नाय येनार." मी बरं म्हणून ठेवला. बाहेर गेलेल्या माणसाचा आवाज खणखणीत आहे, एवढं तरी कळलं.

यंदा आईने आंब्याचं लोणचं दुकानातल्या पिशवीतल्या मिठात घातलं. वीस-बावीस वर्षं तुझ्याकडचं खडेमीठ आमच्याकडे आणि आमच्या शेतातले वाल तुझ्याकडे, असं चाललं होतं. आई विचारते, "जनूचा मीठ कसा नाय आला?" मी म्हटलं, यंदा पीक कमी आलंय. ती म्हणाली, "का, समुद्र आटला?" लोणच्याची चव बिघडलेली नाही. तरी मी गेलो की ती एक फोड खाऊन माझ्याकडे बघते.

असो. पत्राचं कारण उघाडीवरच्या पेटीचं आहे.

तुला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे. तरी मी पहिल्यापासून लिहिणार आहे, कारण हे पत्र तू दुसऱ्यांना वाचून दाखवावंस अशी शेवटी विनंती करणार आहे. तेव्हा कंटाळू नकोस. कंटाळलास तर सगुणावहिनींना वाचायला दे. त्या माझ्यावरच्या रागाने तरी शेवटपर्यंत वाचतील.

तुमच्या बांधाला खाडीच्या तोंडाशी उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, आहे. भरती आली की तिच्या फळ्या पडायला हव्यात, नाहीतर खारं पाणी भातशेतीत शिरतं. तुझा आजा, तुझा बाप आणि आता तू, अशा तीन पिढ्या ती राखताय. पाणी तांबड्या खुणेला लागलं की देवळावरचा भोंगा आपोआप वाजावा, म्हणजे तुला उठून उठून बघायला जावं लागू नये, म्हणून आपण दोघांनी ती पेटी बसवायचं ठरवलं. खांबावरचा सेन्सर पाण्याची उंची मोजून वायरीतून पेटीला सांगतो, आणि पेटी भोंगा वाजवते. वायर तुझ्याकडे, पेटी माझ्याकडे. पेणच्या आयटीआयपासून आपलं असंच ठरलेलं. तू हाताने चांगला, मी डोक्याने बरा. असं आपले मास्तर म्हणायचे. ते अर्धंच खरं होतं, हे पुढे येईल.

आता पेटीच्या आतलं सांगतो. आत कर्नेल नावाचा एक कारभारी असतो. वीज आली की तो जागा होतो. जागा होतो तेव्हा त्याला स्वतःच्या घरात काय आहे याची काहीच कल्पना नसते. सिरियल पोर्ट म्हणून एक दार असतं, त्यातून एकामागून एक अक्षर आत येतं. सेन्सरचं बोलणं त्याच दारातून येतं. पण हे दार आहे, हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं, आणि तो उठून बघायला जात नाही. त्याच्यासाठी एक फाईल लिहून ठेवावी लागते. दार कुठल्या पत्त्यावर आहे, त्याचं घड्याळ किती वेगाने चालतं, अक्षरं किती वेगाने येतील, आणि अक्षर आलं की कितव्या नंबरची घंटा वाजेल. शेवटी, दार चालू आहे की बंद. कारभारी ती फाईल वाचतो आणि तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. चालू दाराला बंद लिहिलं, तर तो जन्मभर तिकडे फिरकायचा नाही.

गावच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला यातलं इंग्रजी सगळं वाचता येत नाही. बाजारात ओळखीचा माणूस चालण्यावरून कळतो, तशी मला ओळ कळते. पण हा कारभारी मला पहिल्या दिवसापासून आवडला. दिलेल्या शब्दावर उभा राहतो. मी देवळात हात जोडतो तेव्हा माझं मन इतकं निःशंक असतं असं मला म्हणवत नाही.

तीस जानेवारीला आपण पेटी लावून पाहिली, आठवतं ना? आधी मी अक्षरांचा वेग दुप्पट लिहिला होता. पडद्यावर सगळं वेडंवाकडं येऊ लागलं. तू म्हणालास, "ह्यो काय बोलतोय रं? आमचा म्हातारा कवली काढून बोलतो तसा." मी वेग नीट केला आणि पाण्याची उंची सरळ आकड्यांत यायला लागली. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मच्छर गेला म्हणालास.

वायरीचा नियमही मी तुला त्याच दिवशी सांगितला. सेन्सरची बोलायची वायर पेटीच्या ऐकायच्या टोकाला, आणि पेटीची बोलायची वायर सेन्सरच्या ऐकायच्या टोकाला. एकाचं तोंड, दुसऱ्याचा कान. तू म्हणालास, नवराबायकोसारखं. सगुणावहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आमचे घरान दोन तोंडा हायत, कान एकपन नाय." तू हसत हसत जोडणी केलीस, वर टेप गुंडाळलास, टेपवर मेण लावलंस. काम चोख होतं. हे मी आज लिहितोय. त्या शनिवारी बोललो नाही.

त्या शनिवारी, एक फेब्रुवारीला, माघी गणपतीचा दिवस. दुपारच्या भरतीला उद्घाटन. सरपंच विमलबाई, सगळी गावकी, देवळाचे ढोलवाले. नारळ फोडायचा म्हणून सगळ्यांनी चपला काढल्या, आणि बांधाच्या खालच्या पायरीवर ओळीने ठेवल्या. कोणीतरी म्हणालंही, पाणी वर येईल. मीच हात वर करून सांगितलं, "काळजी नको. पाणी खुणेला लागलं की भोंगा वाजेल, तेव्हा चपला उचला."

पाणी खुणेला लागलं. खुणेवर चढलं. पायरीवर आलं. माणसं भोंग्याकडे बघत उभी, आणि चपला एकेक करून निघाल्या. विमलबाईंची नवी कोल्हापुरी पुढे, बाकीच्या मागे, अगदी शिस्तीत, धरमतरच्या दिशेने. म्हाताऱ्या बायजाआजीने विचारलं, "भोंगा आमी बुरल्यावर वाजनार काय रं?" ढोलवाल्यांना वाटलं हीच खूण, ते वाजवायला लागले.

आणि मी बांधावरून ओरडलो, "जनू! वायर उलटी जोडलीस!"

तू म्हणालास, "महिपती, परवा तूच चालताना बघितलास ना?"

मी म्हटलं, "परवा बरोबर होती. नंतर तू हात लावलास."

जनू, तू हात लावला नव्हतास. मला तेव्हाही तसं वाटत नव्हतं. पण पन्नास माणसं अनवाणी माझ्याकडे बघत होती.

तू कमरेएवढ्या चिखलात उतरलास. टेप सोडलास, वायर फिरवलीस. भोंगा गप्प. मी म्हटलं पुन्हा फिरव. असं सहा वेळा झालं. तीनदा उलटी, तीनदा सुलटी. वरून पोरंटोरं एका सुरात ओरडत होती, "उलटी! उलटी!" सहाव्यांदा तू माझ्याकडे एकदा पाहिलंस, वायर खाली ठेवलीस आणि चालत घरी गेलास. तुझ्याही चपला वाहून गेल्या होत्या.

आता मुळाचं सांगतो. इथवर येईपर्यंत मी दोनदा चहा घेऊन आलो.

आमच्याकडे धान्य मोजायची एक रीत आहे. वाल मोजून झाले की आई शेवटच्या मापावर एक मूठ जास्त टाकते. मोजून नेमकं दिलं तर लक्ष्मी चिडते म्हणते. लहानपणापासून मी ते बघत आलो आणि माझ्या हाताला तेच वळण लागलं. पेटीची फाईल लिहितानाही मला शून्यावर थांबलेला आकडा बघवत नाही. घड्याळाचा वेग दोन कोटी चाळीस लाख असतो. मी शेवटी एक घालतो, दोन कोटी चाळीस लाख एक. अक्षरांचा वेग नऊ हजार सहाशे, मी लिहितो नऊ हजार सहाशे एक. इतक्याशा फरकाने कारभाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि मला देवाला दाखवून जेवल्यासारखं वाटतं. सात वर्षांत अशा कितीतरी पेट्या केल्या. एकाही गिऱ्हाईकाची तक्रार नाही. अक्षयलाही हे ठाऊक नाही.

उद्घाटनाच्या आदल्या रात्री मी ती चालती फाईल साफसूफ करायला बसलो. तुझ्या गावचं काम, मनात आनंद होता. घड्याळावर एक मूठ टाकली. वेगावर एक मूठ टाकली. खाली घंटेचा नंबर होता, चाळीस. त्याच भरात त्याच्यावरही एक मूठ टाकली. एकेचाळीस. आणि चालते का हे न बघताच फाईल पेटीत भरली, कारण नारळ आणायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तुझा सेन्सर बरोबर बोलत होता. तुझ्या वायरीतून अक्षरं बरोबर दारापर्यंत येत होती. चाळीस नंबरची घंटा वाजत होती. आणि कारभारी, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, एकेचाळीस नंबरच्या घंटेपाशी कान लावून बसला होता. तिथे कोणीच राहत नव्हतं.

मापावर मूठभर जास्त टाकलं तर पुण्य लागतं. नंबर हे माप नाही, ते नाव असतं. घर नंबर चाळीसच्या पाहुण्याला एक जास्त सांगितला, तर तो शेजारच्या बंद घराची कडी वाजवत बसतो. एवढी साधी गोष्ट मला एकोणपन्नासाव्या वर्षी कळली.

ती कशी कळली तेही सांगतो. परवा कोलाडच्या एका बागेतल्या विहिरीसाठी पेटी केली. तीच फाईल भरली. पेटी मुकी. चार दिवस वायरी तपासल्या. पण या वेळी वायर मी स्वतः जोडली होती, ज्याच्या नावाने बोंब मारावी असा जनू नव्हता. शेवटी जुनी फाईल आणि साफसूफ केलेली फाईल शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ बोट लावून वाचली. अक्षय मागे उभा होता. म्हणाला, "काका, हे एकेचाळीस कुठून आलं?" मी म्हटलं, "टाईप करताना बोट घसरलं."

वरच्या परिच्छेदात मी "परवा" लिहिलंय. ते खोडणार होतो, पण राहू दे. तू बघ माझा हात कसा चालतो. परवा नव्हे, जनू. शिमग्याच्या आधी. मार्च महिना होता. तीन महिने झाले, मला ठाऊक आहे की तुझी वायर बरोबर होती.

आधी ठरवलं, होळीला येऊन सांगावं. मग म्हटलं, होळीला सगळे शिव्या देतात, त्यात माझी कबुली हरवून जाईल. मग गुढीपाडवा. चांगल्या दिवशी वाईट गोष्ट नको. मग रामनवमी, मग अक्षय्य तृतीया. देवाने इतके सण केलेत की भित्र्या माणसाला वर्षभर पुरतात. नीट केलेल्या फाईलचं मेमरी कार्ड मी कुंकवाच्या करंड्याखाली देव्हाऱ्यात ठेवलंय. वैशाली रोज त्याला हळदकुंकू वाहते. परवा म्हणाली, "अहो, हा काळा चौकोनी देव कुठला?" हे परवा खरं परवा आहे. मी म्हटलं, "जागृत आहे. रोज मला विचारतो."

अजून एक राहिलंय. हेच सांगायचं होतं, बाकी सगळं त्याच्या अलीकडचं.

गेल्या सोमवारी पेणच्या एसटी स्टँडवर तुझा पुतण्या निकेश भेटला. मी विचारलं, पेटी कशी आहे? म्हणाला, "देवळाच्या पडवीत हाय. कोंबरी बसते तीवर. तीन अंडी दिलीन." मग म्हणाला, "काका, आमचे गावान आता दोन जनू. एक जनू पाटील, नि एक उलटा जनू." आणि हसला.

मीही हसलो.

तोंडातून हसू बाहेर पडलं, बस आली, मी चढलो, आणि रोह्यापर्यंत खिडकीतून एकही गोष्ट मला दिसली नाही. मी बसमध्ये चढत असताना निकेश सांगत होता की ज्येष्ठ अमावास्येला, बुधवारी २५ तारखेला, गावकी बसणार आहे. पावसाळ्याची उघाडी कोणाकडे द्यायची ते ठरवायला. "उलट्याचे हातान उघारी नको," असं काही जण म्हणतात. तीन पिढ्यांची राखण, जनू. माझ्या एका मुठीपायी.

म्हणून मी २५ तारखेला येतोय. नको म्हणालास तरी येतोय. अमावास्येला शुभकार्य करत नाहीत असं वैशाली म्हणाली. हे शुभकार्य नाही म्हटलं. सकाळच्या गाडीने पेणला उतरेन आणि गावकी बसायच्या आधी देवळात असेन. हे पत्र त्याआधी पोचेल. लोकांपुढे उभा राहिलो की मी गोल गोल बोलतो, हे तुला आयटीआयच्या तोंडी परीक्षेपासून ठाऊक आहे. तेव्हा खालचं एवढं प्रतिक्षाला मोठ्याने वाचायला सांग. तिचा आवाज चांगला आहे, आणि माझ्याशी खोटं बोलायचा तिला सरावही आहे, म्हणजे खरं बोलताना तिला मजा येईल.

"समस्त गावकीस नमस्कार. उघाडीच्या पेटीची वायर जनू पाटलाने पहिल्या दिवशी बरोबर जोडली होती. चूक पेटीच्या आतल्या फाईलमध्ये होती. ती फाईल महिपतीने लिहिली. चूक त्याला मार्चमध्ये कळली आणि ती त्याने जूनपर्यंत लपवली. बांधावर सहा वेळा उलटसुलट झाला तो जनू नव्हे, महिपती. उघाडी ज्या हातात होती तोच हात गावात सगळ्यांत सरळ आहे. तिथून ती काढू नये."

वाचून झालं की त्याच दिवशी दुपारच्या उधाणाला आपण पेटी लावू. कोंबडीला तेवढी दुसरीकडे बसव. अंडी सांभाळून उचल, तिचा काही दोष नाही. वायर तूच जोड, मी जवळ येणार नाही. घंटेचा नंबर आता नेमका चाळीस आहे, वर काही नाही. पाणी वर यायच्या आधी सगळ्यांना सांग, चपला बांधाच्या माथ्यावर ठेवा. माझ्या तेवढ्या खालच्या पायरीवर राहू देत. भोंगा नाही वाजला तर त्याच पहिल्या जाऊ देत, मी रोह्याला अनवाणी येईन.

या पत्राला उत्तर लिहिण्याची गरज नाही. रागावला असशील तर रागाव, तो तुझा हक्क आहे आणि मी त्याची घाई करणार नाही. पण कधी मन निवळलं, तर कोणाबरोबर तरी मूठभर खडेमीठ गागोद्याला आईकडे पाठव. तिला काही सांगू नकोस. ती चाखून बघेल आणि मला सगळं कळेल.

गावात लोकांनी तुला जे नाव दिलंय, ते चुकीच्या पत्त्यावर गेलेलं आहे. त्याचं खरं घर मला ठाऊक आहे. म्हणून आजपासून ते मी इथे, खाली, माझ्या हाताने लिहून ठेवतो.

तुझा,
उलटा महिपती